हप्त्याचे ओझे आणि कामाची हमी

(२४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून घरात अशुभ बोलू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली. घराकडे पाहण्याची ही दृष्टी असल्यामुळेच त्याच्या डागडुजीवर होणारा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला चैन वाटत नाही, कर्तव्य वाटते. पूर्वी हे कर्तव्य साठवलेल्या पैशांतून पार पडे. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, दिवाळीचा बोनस, फार तर पतपेढीचे थोडे कर्ज आणि ओळखीचा गवंडी, एवढ्यावर काम भागे. गवंडी त्याच आळीतला असल्यामुळे काम बिघडले तर त्याला देवळाच्या पारावर गाठता येई. तो कायद्याला भीत नसेल, पण चार माणसांत मान खाली जाण्याला भीत असे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. आता काम करणारा एक, कामगार पाठवणारा दुसरा, पैसा देणारा तिसरा आणि हप्ता वसूल करणारा चौथा. या चौघांपैकी कोणीही त्या आळीतला नाही. अशा वेळी काम सदोष निघाले, तर कर्जाचा हप्ता भरत राहायचा की थांबवायचा, हा प्रश्न आज असंख्य घरांत विचारला जातो आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका हाच आहे.

एक कुटुंब, एक भिंत

डोंबिवलीत, चिंचवडला किंवा नाशिकला कोणत्याही जुन्या सोसायटीत शोभेल असे एक कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. वडील निवृत्तीला आलेले, आई गृहिणी, मुलगी बारावीत. न्हाणीघराची गळती, स्वयंपाकघराचे जुने ओटे आणि उखडलेल्या फरशा असे सगळे काम एकाच ठेकेदाराला दिले. ठेकेदारानेच कर्जाची व्यवस्था करून दिली. चार लाख रुपये, द.सा.द.शे. १४ टक्के व्याज, ३६ महिने. महिन्याचा हप्ता सुमारे १३,६७० रुपये. तीन वर्षांत फेड होणार सुमारे ४ लाख ९२ हजार रुपयांची, म्हणजे ९२ हजार रुपये केवळ व्याजाचे. सह्या झाल्या त्याच आठवड्यात कर्जाची संपूर्ण रक्कम परस्पर ठेकेदाराच्या खात्यात जमा झाली.

काम मे महिन्यात संपले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली. नव्या फरशीवर नाणे वाजवले तर पोकळ आवाज येऊ लागला. ओट्याखालच्या कपाटाचे लाकूड फुगले. ठेकेदाराला दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर आले, “काकू, नव्या कामाला थोडा ओलावा असतोच. पावसाळा संपला की आपोआप वाळेल.” गणपतीनंतर त्याने दूरध्वनी घेणेच बंद केले. वित्तसंस्थेकडे गाऱ्हाणे मांडले, तर तिथला तरुण आदबीने म्हणाला, “सर, काम कसे झाले हा तुमचा आणि ठेकेदाराचा प्रश्न. आमचा हप्ता पाच तारखेला यायला हवा.”

ज्याने आयुष्यात कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, अशा त्या गृहस्थाने संतापून हप्ता थांबवला. त्याच्या मते हा सत्याचा आग्रह होता. ‘काम खोटे, तर पैसा कसला?’ हा त्याचा प्रश्न नीतीच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण पुढे काय झाले? हप्ता परत गेल्याचा दंड लागला. वसुलीचे दूरध्वनी सुरू झाले. ९० दिवसांहून अधिक थकल्यावर ते खाते अनुत्पादित ठरले आणि पतअहवालात त्याची नोंद झाली. पुढील जूनमध्ये मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला, तेव्हा सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव बँकेने नाकारले. ज्या ठेकेदाराने फसवले, तो दुसऱ्या उपनगरात नवे काम घेऊन मोकळा होता. वित्तसंस्थेला तिच्या थकबाकीची काळजी घ्यायला माणसे होती. शिक्षा झाली ती ज्याचा काहीही दोष नव्हता त्या मुलीला.

दोन करार, दोन वाटा

असे का घडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. सामान्य ग्राहकाच्या मनात हा सगळा एकच व्यवहार असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोन करार असतात. पहिला ठेकेदाराशी, कामाचा; दुसरा वित्तसंस्थेशी, कर्जाचा. पहिला मोडला म्हणून दुसरा आपोआप मोडत नाही. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता पुरेशा शिलकीअभावी परत गेला, तर २००७ च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली तशीच फौजदारी तरतूद आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे फसवला गेलेला माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याची शक्यता निर्माण होते.

हे सर्वत्र असेच आहे काय? नाही. ब्रिटनमध्ये १९७४ साली ग्राहक पतपुरवठा कायदा झाला. त्याच्या कलम ७५ नुसार, विक्रेता किंवा ठेकेदार यांच्याशी संधान असलेल्या वित्तसंस्थेने कर्ज दिले असेल आणि वस्तूची वा कामाची किंमत १०० पौंडांहून अधिक व ३० हजार पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याच्या करारभंगाला किंवा खोट्या कथनाला वित्तसंस्थाही तितकीच जबाबदार धरली जाते. स्वयंपाकघर बिघडले तर तेथील ग्राहक थेट पैसा पुरवणाऱ्याकडे भरपाई मागू शकतो. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाने १९७५ साली केलेला नियम पुढच्या वर्षी अमलात आला. त्यानुसार अशा कर्जाच्या करारातच लिहावे लागते की, विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाला ज्या हरकती घेता आल्या असत्या, त्या कर्जाचा करार ज्याच्या हाती आहे त्याच्याविरुद्धही घेता येतील. भांडवलशाहीचे माहेरघर मानलेल्या या दोन देशांनी पन्नास वर्षांपूर्वी हे तत्त्व स्वीकारले. जो व्यवहारातून नफा घेतो, त्याने व्यवहाराची जोखीमही घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे असे सर्वसाधारण कलम नाही. सदनिकांच्या बाबतीत, बिल्डरने हप्ते भरण्याचे आश्वासन देऊन ते न पाळल्यामुळे अडकलेल्या ग्राहकांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले आणि २०२५ साली बिल्डर व बँका यांच्या संगनमताची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्याचा आदेश दिला. पण तो दिलासा त्या विशिष्ट प्रकरणांपुरता होता. त्याचा आधार घेऊन न्हाणीघराच्या कर्जाचा हप्ता थांबवणारा स्वतःलाच गोत्यात आणील.

हा विचार परका नाही

ही जबाबदारीची कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागेल, असे मात्र कोणी समजू नये. कौटिलीय अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण ‘कंटकशोधन’ या नावाचे आहे. समाजाला बोचणारे काटे दूर करणे, हा त्याचा विषय. त्यातील पहिलाच अध्याय ‘कारुकरक्षण’, म्हणजे कारागिरांपासून प्रजेचे रक्षण, हा आहे. कारागिराने ठरलेली जागा, ठरलेला काळ आणि ठरलेले काम पाळलेच पाहिजे, असे तिथे सांगितले आहे. ठरल्यापेक्षा वेगळे काम करणाऱ्याची मजुरी तर जाईच, शिवाय मजुरीच्या दुप्पट दंडही होई. मात्र आपत्ती आली असेल तर सूट देण्याचा विवेकही त्यात आहे. व्याज मुद्दलाच्या मर्यादेबाहेर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियमही याच भूमीतला. देणेकऱ्याने देणे द्यावे, पण घेणेकऱ्यानेही मर्यादा पाळावी, असा समतोल त्यामागे होता.

हाच विचार आधुनिक काळात बिंदुमाधव जोशी यांनी मांडला. १९७४ साली पुण्यात त्यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो व्हायला पुढे बारा वर्षे लागली. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. संघटन आधी झाले आणि कायदा मागून आला, हा क्रम कार्यकर्त्यांनी विसरू नये. शिवाय ग्राहक चळवळ ही व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या विरोधातली चळवळ नव्हे. प्रामाणिक गवंडी, सुतार, नळकाम करणारा हा समाजाचा आधार आहे. अप्रामाणिक ठेकेदार ग्राहकाला जसा लुबाडतो, तसाच तो आपल्या कामगारालाही लुबाडतो आणि प्रामाणिक कारागिराचे काम हिरावून घेतो. म्हणून हा लढा त्याच्याही बाजूचा आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, हप्ता रागाच्या भरात थांबवू नये. तो भरावा, पण मुकाट्याने भरू नये. वित्तसंस्थेला लेखी कळवावे की काम सदोष आहे, ठेकेदाराची निवड वा शिफारस अशा प्रकारे झाली, कर्जाची रक्कम परस्पर त्याला दिली गेली आणि यापुढील हप्ते आपला हक्क राखून, निषेध नोंदवून भरले जात आहेत. या एका पत्राने पतअहवाल शाबूत राहतो आणि पुढील दाव्याचा पायाही घातला जातो.

दुसरी गोष्ट, पुरावा. ओल वाळण्यापूर्वी, फरशी पुन्हा बसवण्यापूर्वी दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे आणि सोसायटीच्या सचिवांचे पत्र घ्यावे. त्रयस्थ वास्तुविशारद किंवा स्थापत्य अभियंता यांच्याकडून पाहणी करून सही-शिक्क्याचा अहवाल घ्यावा. न्हाणीघराची मोरी बुजवून चोवीस तास पाणी साठवण्याची चाचणी कोणताही जाणकार करून देतो. करारात आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड लिहिले असेल आणि प्रत्यक्षात साधे वापरले असेल, तर तेही अहवालात यावे. ‘काम वाईट आहे’ असे म्हणणे ही तक्रार झाली. ‘मोरीकडे उतार नाही, त्यामुळे पाणी कोपऱ्यात साचते’ असे लिहिणे हा पुरावा झाला.

तिसरी गोष्ट, नोटीस. ठेकेदार आणि वित्तसंस्था या दोघांनाही स्पीड पोस्टाने, पोहोच झाल्याच्या पुराव्यासह नोटीस द्यावी. दोष नेमके लिहावेत, दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. ठेकेदार दुरुस्तीस तयार असेल, तर त्याला संधी जरूर द्यावी. भांडणापेक्षा समेट केव्हाही चांगला, पण समेटही कागदावर असावा.

चौथी गोष्ट, योग्य दार ठोठावावे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यात ‘सेवा’ या संज्ञेत घरबांधणीही येते आणि बँकिंग व वित्तपुरवठाही येतो. त्यामुळे ठेकेदार आणि वित्तसंस्था दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करता येते. दोघांचे संधान होते, हे कागदपत्रांतून दाखवता आले तर तक्रारीला बळ येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि ‘ई-जागृती’ या शासकीय व्यवस्थेवरून घरबसल्याही ती दाखल होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

यातील एक तरतूद फार महत्त्वाची आणि फार दुर्लक्षित आहे. कलम ३८ च्या आठव्या उपकलमानुसार, प्रकरण प्रलंबित असताना न्याय्य वाटेल असा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. हप्ता थांबवायचाच असेल, तर त्याचा राजमार्ग हा आहे. आयोगासमोर पुरावा ठेवून, वसुली आणि पतअहवालातील प्रतिकूल नोंद स्थगित करण्याची मागणी करावी. ती मान्य होईलच असे नाही. पण आदेश घेऊन थांबवलेला हप्ता आणि संतापून थांबवलेला हप्ता यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

वित्तसंस्थेचे वर्तन चुकीचे असेल, म्हणजे कागदपत्रे दिली नाहीत, न सांगता शुल्क लावले किंवा वसुलीचा जाच केला, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. लोकपाल फरशी पाहायला येणार नाही. तो केवळ वित्तसंस्थेच्या सेवेतील त्रुटी पाहील, हे ध्यानात ठेवावे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. पतअहवालातील चुकीची नोंद तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियमही २०२४ पासून लागू झाला आहे.

आणि मुदत? तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ‘बघतो, करतो, पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो’ अशा तोंडी आश्वासनांत ही दोन वर्षे निघून जातात. ठेकेदाराचे खरे बळ त्याच्या लबाडीत नसते, ते ग्राहकाच्या भिडेत असते.

आधीची सावधगिरी

हे सारे झाले काम बिघडल्यानंतरचे. त्याआधीची सावधगिरी याहून मोलाची. संपूर्ण रक्कम एकदम ठेकेदाराच्या खात्यात जाऊ देणे, हीच बहुतेक प्रकरणांतली मूळ चूक असते. काम टप्प्यांचे असेल तर पैसाही टप्प्यांनी जावा आणि प्रत्येक टप्प्याला कर्जदाराची लेखी संमती असावी, अशी अट कर्ज घेतानाच घालावी. वित्तसंस्था ती मानत नसेल, तर कर्ज आपल्या खात्यात घेऊन ठेकेदाराला स्वतः पैसे द्यावेत. किमान दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी. करारात साहित्याची प्रत, कामाची मुदत आणि गळतीची हमी लिहून घ्यावी.

ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी व्याज, शुल्क आणि एकूण वार्षिक खर्च मांडणारे ठळक माहितीचे पत्रक देणे बंधनकारक आहे. ते वाचल्याखेरीज सही करू नये. मोबाइलवरून घेतलेल्या डिजिटल कर्जात ठरावीक अवधीत, किमान एका दिवसात, मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंडाविना बाहेर पडण्याची सोय आहे, तीही माहीत असावी. आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा जुना उपदेश आजही कालबाह्य झालेला नाही. दाराशी चालत आलेले कर्ज ही लक्ष्मी नव्हे.

एकटा ग्राहक आणि संघटित समाज

मघाचे ते कुटुंब कुठे चुकले? कायदा त्याला ठाऊक नव्हता, हे खरे; पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते एकटे होते. त्याच सोसायटीत निवृत्त बँक अधिकारी असतील, समोरच्या इमारतीत अभियंता असेल, पलीकडच्या गल्लीत वकील असेल. लाजेपोटी त्या गृहस्थाने कोणालाच सांगितले नाही. फसवले गेल्याची लाज फसवणाऱ्याला नाही आणि फसलेल्याला आहे, ही आपल्या समाजाची विपरीत अवस्था आहे.

म्हणून येथे जमलेल्या प्रत्येक कार्यकर्त्यासमोर एक साधे काम आहे. आपल्या वस्तीत एक अभियंता, एक वकील आणि एक निवृत्त बँक कर्मचारी अशा तिघांना एकत्र आणावे. आठवड्यातून एक तास त्यांनी देवळाच्या सभामंडपात किंवा सोसायटीच्या कार्यालयात बसावे. करार सहीपूर्वी वाचून द्यावा, बिघडलेले काम पाहून यावे, नोटिशीचा मसुदा करून द्यावा. ज्या प्रामाणिक कारागिरांचे काम टिकले, त्यांची नावेही याच तासाला लोकांना सांगावीत. आळीतल्या पारावर जी नैतिक सत्ता होती, ती अशा तासातून पुन्हा उभी राहील.

याच्या जोडीला एक मागणी सातत्याने शासनाकडे गेली पाहिजे. ठेकेदाराशी संधान बांधून जी वित्तसंस्था कर्ज देते, ती त्याच्या कामाच्या दोषालाही जबाबदार असेल, असे कलम आपल्या कायद्यात यावे. १९७४ साली चळवळ उभी राहिली आणि १९८६ साली कायदा आला. ही मागणीही एका निवेदनाने पुरी होणार नाही. गावोगावच्या नोंदलेल्या तक्रारी, जपलेले कागद आणि न कंटाळणारी माणसे लागतील. तोवर हप्ता वेळेवर भरावा, आणि तक्रारही वेळेवर करावी. देणे चुकवू नये, तसेच घेणेही सोडू नये. ग्राहकाचा धर्म या दोन्हींत आहे.